भाकरी, डाळ आणि तेल

गेल्या पावसाळ्यांत एका वाडीवर भेटीस गेलों असतां एका घरीं आम्हांस एक डबा दाखविण्यांत आला. घरची बाई खुरपणीच्या मजुरीवर जाणारी. आठवड्याच्या मजुरीचा मोठा भाग खर्चून तिनें तो तालुक्याच्या बाजारांतून आणविला होता. डब्यावर गुटगुटीत मुलाचें चित्र, आणि आंत गोड वासाची तपकिरी भुकटी. "पाळकसाहेब, ह्यांत प्रथिनें आहेत म्हणतात, ह्यानें पोर बाळसें धरील का?" असें तिनें विचारिलें. पोर दीड वर्षाचें. तें उंबऱ्यावर बसून चहांत बुडविलेलें बिस्किट चोखीत होतें. हातपाय काटक्यांसारखे, पोट तेवढें पुढें आलेलें. चुलीपाशीं टोपल्यांत ज्वारीच्या भाकरी होत्या, फडताळांत तेलाची बाटली होती, आणि डब्यांत तुरीची डाळहि होती. म्हणजे ज्या वस्तूसाठीं तिनें मजुरी घातली ती वस्तु घरांतच होती. मुलाच्या ताटांत मात्र ती पोहोंचत नव्हती.

त्या बाईस आम्हीं उभ्याउभ्या कांहीं सांगितलें, परंतु तें तिला पटलेलें दिसलें नाहीं. आणि खरें पाहतां आम्हांसहि तें नीट सांगतां आलें नाहीं. म्हणून घरीं येऊन पुस्तकें उघडलीं, जाणत्या डॉक्टरांस विचारिलें, व जें समजलें तें येथें लिहीत आहों. गांवोगांवच्या उपदेशक व शिक्षक बंधूंनीं हा लेख ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस वाचून दाखवावा. विशेषतः जेथें सासू व सून दोघी बसल्या असतील तेथें, कारण मुलाच्या ताटांत काय पडावें ह्याचा निकाल बहुधा त्या दोघींमध्येंच लागतो.

आपण जें अन्न खातों त्यांत पाणी, क्षार व जीवनसत्त्वें ह्यांखेरीज तीन मुख्य घटक असतात. पहिला घटक पिष्टमय व शर्करामय पदार्थांचा. ह्यांस शाळेच्या पुस्तकांत कर्बोदकें म्हणतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, गहूं, बटाटे, गूळ व साखर ह्यांत हा घटक विपुल असतो. दुसरा घटक स्निग्ध पदार्थांचा, म्हणजे तेल, तूप, लोणी, चरबी. तिसरा प्रथिनांचा, तीं डाळी, कडधान्यें, शेंगदाणे, दूध, अंडीं, मासे व मांस ह्यांत मिळतात. परंतु एका पदार्थांत एकच घटक असतो असें समजूं नये. १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें असतात. तुरीच्या डाळींत तितक्याच वजनांत सुमारें २२ ग्रॅम, आणि शेंगदाण्यांत सुमारें २४ ग्रॅम प्रथिनें असून शिवाय ४० ग्रॅम तेल असतें. सोयाबीनमध्यें प्रथिनें ३५ ग्रॅमांच्याहि वर जातात. निव्वळ एकाच घटकाचे पदार्थ घरांत दोनच, एक साखर व दुसरें तेल.

एका घटकावर प्राणी जगतो काय, हा प्रश्न फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ फ्रांस्वा माझांदी ह्यानें १८१६ सालीं कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिला. त्यानें कांहीं कुत्र्यांस केवळ साखर व शुद्ध पाणी दिलें. पहिले कांहीं दिवस तीं आनंदानें खात होतीं. पुढें रोडावलीं, डोळ्यांस व्रण पडले, आणि सुमारें महिन्याभरांत मेलीं. साखर हवी तितकी होती, तरी जीव वांचला नाहीं, कारण झिजलेलें शरीर भरून काढण्यास लागणारें द्रव्य तिच्यांत नव्हतें. तें द्रव्य म्हणजे प्रथिन. १८३८ सालीं युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांनीं त्यास जें नांव दिलें तें 'प्रथम' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेलें आहे, व आपला 'प्रथिन' हा शब्दहि त्याच्याशीं जुळता आहे. हें नांव मोठें खरें, परंतु त्यानें थोडा घोटाळाहि केला आहे. ज्याचें नांवच पहिलें, तेंच सर्वांत श्रेष्ठ, व बाकीचीं नुसतीं पोटभरू, असें लोकांस वाटूं लागलें. आणि त्या समजुतीवर आज डबे खपत आहेत.

प्रत्येकाचें काम निराळें आहे. प्रथिनांपासून स्नायु, रक्त, कातडी, केंस व रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें बनतात. पिष्ट पचून त्याची साखर होते, व तिच्यावर मेंदू, हृदय व काम करणारे हात चालतात. तिचा लहानसा सांठा यकृतांत व स्नायूंत राहतो. तो दिवसभर उपास घडला कीं बहुतेक संपतो. स्निग्ध पदार्थ हा दीर्घ मुदतीचा सांठा. शिवाय तान्ह्या मुलाचा मेंदू वाढण्यास ते लागतात, अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें त्यांच्याच आधारानें अंगीं लागतात, आणि त्यांतील दोन प्रकारचीं अम्लें अशीं आहेत कीं तीं शरीरास स्वतः करितां येत नाहींत, बाहेरूनच घ्यावीं लागतात. शेवग्याचा पाला किंवा गाजर तेलाच्या फोडणीवांचून खाल्लें तर त्यांतील जीवनसत्त्वाचा पुष्कळ भाग वायां जातो.

उष्णता मोजण्याचें माप म्हणजे कॅलरी, जसें आपल्याकडे धान्याला पायली. १ ग्रॅम पिष्टापासून सुमारें ४ कॅलरी मिळतात, १ ग्रॅम प्रथिनापासूनहि ४, परंतु १ ग्रॅम तेलापासून ९. हे तीन आंकडे आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावे, कारण पुढील सर्व विवेचन त्यांवरच उभें आहे.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. घर बांधावयास तुळया व वासे लागतात, आणि चूल पेटवावयास सरपण लागतें. प्रथिनें म्हणजे तुळया. भाकरी व तेल म्हणजे सरपण. समजा, कोणी मनुष्यानें घर बांधण्याकरितां उत्तम सागाच्या तुळया अंगणांत आणून टाकिल्या, परंतु घरांत सरपणाची काडी नाहीं, आणि रात्रीं मुसळधार पाऊस लागून पोरें थंडीनें कुडकुडूं लागलीं. तो काय करील? कुऱ्हाड घेऊन तुळयाच फोडील. शरीर नेमकें हेंच करितें. श्वास, हृदयाचे ठोके व अंगाची ऊब ह्यांस आधीं इंधन पाहिजे. बांधकाम त्याच्या मागून. इंधन कमी पडलें कीं खाल्लेलें प्रथिन बांधकामास न लागतां जळून जातें, आणि तेंहि पुरलें नाहीं तर अंगावरचें मांस जळूं लागतें. ज्या मुलास एकंदर अन्नच कमी मिळतें त्यास महागडी प्रथिनाची भुकटी देणें म्हणजे सागवान चुलींत घालणें होय. उलटपक्षीं, सरपणाचे ढीग असून तुळई एकहि नसेल तर घर उठणार नाहीं, हें माझांदीच्या कुत्र्यांनीं दाखविलेंच आहे.

ह्या प्रश्नावर विद्वानांतहि पुष्कळ वाद झाला आहे. आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट (आतांचा घाना देश) येथें सिसिली विल्यम्स नांवाच्या डॉक्टरबाई काम करीत होत्या. मक्याच्या पेजेवर वाढविलेल्या, नुकतेंच अंगावरचें दूध सुटलेल्या मुलांचे पाय सुजतात, केंस तांबूस होतात, कातडी सोलते, व पुष्कळ मुलें दगावतात, असें त्यांनीं १९३३ सालीं लिहिलें. तेथील गा भाषेंत ह्या दुखण्यास क्वाशिओरकोर म्हणत. धाकटें भावंड जन्मल्यामुळें आईपासून दूर झालेल्या मुलाचें तें दुखणें, असा त्याचा भाव आहे. हें दुखणें प्रथिनांच्या अभावानेंच होतें असें पुढें बरींच वर्षें मानलें गेलें. आज मात्र तेवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं असें तज्ज्ञ सांगतात. १९६८ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालांत तर जगावर प्रथिनांचें मोठें संकट येऊं घातलें आहे असा इशारा देण्यांत आला.

ह्या मताला हरकत घेणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील एक गृहस्थ अग्रभागीं होते हें आमच्या वाचकांस ठाऊक नसेल. बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ रोम येथील जागतिक अन्न व शेती संघटनेंत बरींच वर्षें संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भारतांतील घरोघरच्या आहाराचीं मोजमापें तपासून त्यांनीं दाखविलें कीं ज्यांस प्रथिनें कमी पडतात त्यांपैकीं बहुतेकांस मुळांत एकूण अन्नच, म्हणजे कॅलरीच, कमी पडतात. धान्य व डाळ ह्यांचें नित्याचें जेवण पोटभर मिळालें तर प्रथिनांची गरज बहुधा भागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. गोपालन ह्यांचीं निरीक्षणेंहि ह्याच दिशेचीं होतीं. १९७४ सालीं मॅकलारेन नांवाच्या डॉक्टरांनीं प्रथिनांच्या ह्या साऱ्या गाजावाजावर लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकांत कडक टीका केली. सुखात्मे ह्यांचीं सर्वच मतें सर्वांनीं स्वीकारलीं असें नाहीं. धान्यांतील प्रथिनांच्या गुणावगुणांचा प्रश्न राहतोच, व त्याकडे आम्ही पुढें येऊं. परंतु सरपणावांचून तुळया जळतात ही गोष्ट आतां वादाची राहिलेली नाहीं.

त्या दीड-दोन वर्षांच्या मुलाचा हिशेब करून पाहूं. ह्या वयाच्या मुलास दिवसाला सुमारें १००० कॅलरी व १२ ग्रॅमांच्या आसपास प्रथिनें लागतात. १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें ३३० कॅलरी. तेव्हां केवळ ज्वारीवर १००० कॅलरी मिळवावयाच्या तर त्यास रोज ३०० ग्रॅम पीठ, म्हणजे मध्यम आकाराच्या चार-पांच भाकरी खाव्या लागतील. तितकी ज्वारी खाल्ली तर प्रथिनें ३० ग्रॅम मिळतील, गरजेच्या दुप्पटीहून अधिक! पण तें मूल चार भाकरी खाणार कोठून? तें कष्टानें एक भाकरी खातें. त्यांत कॅलरी सव्वादोनशेंहूनहि कमी, आणि प्रथिनें सहा-साडेसहा ग्रॅम, तींहि पुष्कळशीं जळून जाणारीं. आई म्हणते, "खातें पण अंगीं लागत नाहीं." खरी अडचण ही कीं त्याचें पोट लहान आहे. त्याच्या पोटांत एका वेळीं जेमतेम एक मोठी वांटी मावते, आणि ती वांटी आपण पाण्यानें भरतों. पातळ पेज, डाळीचें वरचें पाणी, चहा, हीं सर्व पोट भरतात व भूक मारतात.

देवानें मुलासाठीं जें पहिलें अन्न नेमिलें त्याकडे पाहावें. आईच्या दुधांतील कॅलरींपैकीं जवळजवळ निम्म्या त्यांतील स्निग्धांशापासून येतात. सहा महिने पुरे झाल्यावर आपण त्यास वरचें अन्न सुरू करितों, व त्यांत तेलतुपाचा थेंब नसतो. कोणी सांगतें, तेलानें खोकला होतो. कोणी सांगतें, लहान मुलास तूप पचत नाहीं. एकदम निम्म्या स्निग्धावरून मूल जवळजवळ शून्यावर येतें. वांटीभर पेजेंत साधारण २० ग्रॅम पीठ असेल तर कॅलरी झाल्या सुमारें ६६. त्याच वांटींत एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, शेंगदाण्याचें तेल कालवलें तर ४५ कॅलरी वाढल्या, आणि वांटीचा आकार होता तेवढाच राहिला. दिवसाकाठीं असे चार-पांच चमचे तेल किंवा तूप एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या अन्नांत निरनिराळ्या वेळीं मिसळून जावें. भाकरी कुस्करून त्यांत घट्ट वरण व वर तेल. मऊ भात, मूगडाळ व तूप. शेंगदाण्याचें बारीक कूट घातलेली गुळाची खीर. अख्खे शेंगदाणे मात्र लहान मुलास कधीं देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकतात. आणि अंगावरचें दूध दोन वर्षें किंवा अधिकहि चालू ठेवावें. धाकटें होणार म्हणून थोरल्याचें एकाएकीं तोडूं नये.

पेज दाट केली तर मूल गिळीत नाहीं, ही तक्रार आम्ही पुष्कळदां ऐकिली. ह्यावर आपल्या आज्यांनीं एक उपाय करून ठेविला आहे. नाचणी भिजवून मोड आणावे, वाळवाव्या, किंचित भाजून दळाव्या. मोड येतांना धान्यांत असें द्रव्य तयार होतें कीं तें पिष्टाचे लांब धागे तोडतें. शिजलेली दाट पेज किंचित निवल्यावर हें पीठ चमचाभर घालून ढवळावें. पाहतां पाहतां ती सैल होते. मग पुन्हां एक उकळी द्यावी. पाणी न वाढवितां पेज पातळ होते, म्हणजे वांटीभर अन्नांत वांटीभर सत्त्व राहतें. पीठ करण्यासाठीं मात्र नाचणी फार भाजूं नये, नाहींतर तें द्रव्य जळून जातें.

आतां प्रथिनांच्या गुणाविषयीं. प्रथिनें कांहीं वीस प्रकारच्या लहान घटकांचीं, मण्यांच्या माळेसारखीं, बनलेलीं असतात. त्यांतील नऊ मणी शरीरास बाहेरूनच घ्यावे लागतात. ज्वारी, तांदूळ व गहूं ह्यांत लायसीन नांवाचा मणी कमी असतो. तोच डाळींत भरपूर असतो. डाळींत मिथिओनीन कमी, तें धान्यांत पुरेसें. एक मणी संपला कीं माळ तेथेंच अडते, बाकीचे कितीहि असोत. म्हणून भाकरी व डाळ एकत्र खाल्लीं असतां दोहोंचा मिळून गुण वाढतो. यहेज्केलाच्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायांत संदेष्ट्यास गहूं व जव ह्यांच्याबरोबर मसुरा व शेंगांतील दाणे एका भांड्यांत घालून भाकर करावयास सांगितलें आहे. तेथें विषय वेढ्यांतील दुष्काळाचा आहे, पाककृतीचा नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि टंचाईंत माणसें जें मिश्रण करीत आलीं तें अशास्त्रीय नव्हतें. आपली थालिपिठाची भाजणी ह्याहून काय निराळी आहे? ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा, उडीद, सर्व एका दळणांत. सर्वसाधारण प्रमाण म्हणून धान्याचे तीन वांटे व डाळ-कडधान्याचा एक वांटा धरावा.

डाळीचें पाणी म्हणजे डाळ नव्हे. भांड्याच्या तळाशीं जें घट्ट बसतें त्यांत प्रथिनें असतात. वरच्या पिवळ्या पाण्यांत फारच थोडीं. आमच्या गांवांत वरचें पाणी मुलास, मधलें बाईस, व तळची डाळ कमावत्या पुरुषास, अशी वांटणी आम्हीं स्वतः पाहिली आहे. कोणी दुष्टपणानें करितें असें नाहीं. "पोराला हलकें द्यावें" ह्या मायेनेंच तें होतें. वाढतांना पळी तळाशीं घालावी, एवढाच फरक करावयाचा आहे. आठवड्यांत दोन-तीन अंडीं मिळालीं तर फारच उत्तम. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात आणि त्यांतील मणी पूर्ण असतात. समुद्रकांठच्या मंडळींस सुकट व बोंबील आहेत. त्यांचें कूट भाकरींत मिसळतां येतें, मात्र खारवलेलीं असतील तर आधीं धुवून घ्यावीं.

जी बाई सर्वांच्या मागून जेवते तिच्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ५० किलो वजनाच्या, धान्य-डाळीवर राहणाऱ्या स्त्रीस दिवसाला सुमारें ५० ग्रॅम प्रथिनें पुरतात. ३०० ग्रॅम ज्वारी, ६० ग्रॅम डाळ व ३० ग्रॅम शेंगदाणे इतक्यांत तीं मिळतात. गरोदर असतांना व अंगावर पाजीत असतांना अधिक लागतात. प्रत्यक्षांत तिच्या वांट्यास उरलेली भाकरी व मिरचीचा ठेचा येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्या खेड्यांत जन्मणाऱ्या बालकांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो. नवलाची गोष्ट ही कीं आपल्या बालकांत मांस व अवयव लहान होते, परंतु कातडीखालची चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. अशीं बालकें दिसावयास कृश पण आंतून मेदयुक्त, व पुढें मधुमेहाकडे झुकणारीं असतात असें त्यांनीं मांडलें आहे. आणखी असें आढळलें कीं गरोदरपणीं ज्या स्त्रियांनीं दूध, पालेभाजी व फळें अधिक वेळां खाल्लीं त्यांचीं बालकें अधिक चांगल्या वजनाचीं होतीं. म्हणजे सरपण व तुळया जमल्या तरी खिळे व चुना पाहिजेतच. तेव्हां घरांतील पुरुषांनीं, विशेषतः जे उपदेशक ह्या विषयावर इतरांस सांगूं इच्छितात त्यांनीं, आपल्या घरीं बाईचें ताट आपल्याबरोबर वाढलें जातें कीं नाहीं हें आधीं पाहावें.

येथवर कमीपणाविषयीं लिहिलें. जास्तीचेंहि संकट आतां खेड्यांत आलें आहे. नीलगिरीवरील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन ह्या डॉक्टरांनीं पोषणाची प्रयोगशाळा चालविली. तीच पुढें १९५८ सालीं हैदराबादेस गेली व राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्यांनीं उंदरांचे गट करून एकेकास हिंदुस्थानांतील एकेका प्रांताचा आहार दिला. गव्हाच्या चपात्या, दूध, लोणी, डाळ व भाजी असा शिखांचा आहार ज्यांस मिळाला ते उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. त्याखालोखाल पठाणांचा व मग मराठ्यांचा आहार ठरला. सडलेल्या पांढऱ्या तांदळावरचे सर्वांत खुजे राहिले. आणखी एका गटास त्यांनीं इंग्लंडांतील गरीब वस्तीचें अन्न दिलें. पांढरा पाव, कृत्रिम लोणी, गोड चहा, मुरंबा, डब्यांतलें मांस असा तो आहार. ते उंदीर वाढले नाहींत, चिडके झाले, आणि दोन महिन्यांच्या सुमारास एकमेकांस मारून खाऊं लागले. चहा-बिस्किटावर सकाळ काढणाऱ्या घरांनीं ह्याचा विचार करावा. बिस्किटांत मैदा व साखर असते. तीं चटकन रक्तांत जातात व भूक लवकर परत येते. ज्वारी-बाजरीच्या भाकरींत कोंडा असल्यामुळें साखर त्या मानानें सावकाश जाते. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत भारतांत मधुमेहाचे रोगी सुमारें १० कोटी १० लाख आढळले. ज्यांचें काम बसून आहे, आणि ताटांत पांढऱ्या भाताचा डोंगर व वरणाची एक पळी आहे, त्यांनीं भात निम्मा करून उसळ व भाजी वाढवावी. जो मनुष्य दिवसभर नांगर धरतो त्याला हा नियम तसाच लागू नाहीं.

तेलाविषयीं थोडेंच. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस हीं सर्व चांगलीं, पाळीपाळीनें वापरावीं. तळून उरलेलें तेल पुन्हां पुन्हां तापवूं नये. वनस्पती तुपांत पूर्वीं जो घातक स्निग्धांश फार असे त्यावर सरकारनें १९२२ नव्हे तर अगदीं अलीकडे, २०२२ सालापासून, शेंकडा २ ची मर्यादा घातली आहे. मोठ्या माणसांनीं तेल बेतानें खावें. लहान मुलाचा नियम निराळा, तो वर सांगितला.

डब्यांतील भुकटीविषयीं हैदराबादच्या संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत स्पष्ट लिहिलें आहे कीं प्रथिनांच्या भुकट्या घेऊं नयेत. नित्याच्या अन्नांतून प्रथिनें मिळूं शकतात. गोड पेयांच्या कित्येक डब्यांत साखरेचाच भाग मोठा असतो. ज्यास वाचतां येतें त्यानें मागची बाजू वाचून दाखवावी. शिवाय ज्यांचे मूत्रपिंड बिघडले आहेत त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय प्रथिनें वाढवूं नयेत.

शेवटीं एक सावधगिरी. वर सांगितलेलें सर्व जें मूल हडकुळें असून खेळतें व खातें त्याच्यासाठीं आहे. ज्याच्या दोन्ही पायांवर सूज आहे आणि बोटानें दाबलें असतां खळगा राहतो, जें खात नाहीं, गुंगून पडतें, त्यास घरीं डाळ, अंडीं किंवा दूध भरवून बरें करावयास जाऊं नये. अशा मुलाचें यकृत व आंतडीं इतकीं दुबळीं झालेलीं असतात कीं एकदम पुष्कळ प्रथिनें दिल्यास जीव जाऊं शकतो. रुग्णालयांतसुद्धां पहिले कांहीं दिवस त्यास प्रथिनें मुद्दाम कमी ठेविलेलें दूध थोडें थोडें, रात्रीसुद्धां, देतात. अंगणवाडी सेविकेजवळ दंड मोजण्याची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर पट्टी तांबड्या रंगावर येते. पट्टी तांबडी आली किंवा पायांवर सूज दिसली तर बाजाराची किंवा सणाची वाट न पाहतां त्याच दिवशीं मुलास सरकारी रुग्णालयांत न्यावें, आणि वाटेंत अंगावरचें दूध चालू ठेवावें.